अट एकच, भांडण चालू पाहिजे

न्हाई पण, स्वतःची जीप असताना माणसानं एसटीच्या मागं-मागं हैदराबादपर्यंत जायचं, ह्याला काय अर्थ हाय का? तुम्हीच सांगा! धूर खात! उदगीर सोडल्यापासून त्या लाल गाडीची पाठ बघत आलोय मी, तिला कुठं पोचा आलाय, कुठला दिवा फुटलाय, सगळं तोंडपाठ झालंय… आता कंडक्टरनं चहाला थांबवली म्हणून मी थांबलो, न्हाई तर कुठला चहा अन् कुठलं काय! बसा, तुम्ही बसा, मी उभाच बरा, गाडी हलली तर मला पळावं लागंल. ती बघा, मागून दुसऱ्या खिडकीत, निळी ओढणी दिसते का? ती माझी पोरगी, सृष्टी. आज तिचं विमान हाय. वर्षभरासाठी नॉर्वेला चाललीय, शिकायला, सगळा खर्च त्यांचा. आणि ती तिथं, अन् मी इथं! आणि माझ्या जीपच्या मागं ती पांढरी चकचकीत गाडी दिसती का, तिला टेकून एक गॉगलवाले उभे हायत… ओ, वळून बघू नका! त्यांना वाटंल मी त्यांचंच सांगालोय. ते सिद्धराम. माझे सख्खे चुलतभाऊ. तेबी मागंच हायत, शिरूरपासून. भांडण न्हाई हो… फक्त बोलणं न्हाई.

तुम्हाला सांगतो, मी मल्लिकार्जुन. शिरूर अनंतपाळला खता-बियाण्याचं दुकान हाय माझं, गावाला लागून शेत हाय, आणि शेताला लागून ह्यांचं शेत. आज्यानं दोन्ही पोरांना सारखी वाटून दिलेली जमीन, मधी बांध, बांधावर एक कडूलिंब, आणि लिंबाच्या बाजूला लाईटीची डीपी, ट्रान्सफॉर्मरची. तर एका सालाला नांगरताना बांध कोरला गेला. मी म्हणलं ह्यांच्या ट्रॅक्टरवाल्यानं कोरला. हे म्हणले माझ्या ट्रॅक्टरवाल्यानं कोरला. आणि दोघांचा ट्रॅक्टरवाला एकच! तो मेहेरबान दोन्ही घरी चहा पिऊन, दोन्हीकडं मान डोलवून निघून गेला, आणि आमचं बंद पडलं. तेव्हा सृष्टी पहिलीत का दुसरीत होती. तेव्हापासून मी त्यांना 'ते' म्हणतो, ते मला 'ते' म्हणतात. एरवी लहानपणापासून अरे-तुरे, पण भांडणात माणूस लई अदबीनं बोलतो बघा.

आता शेजारी शेत म्हणल्यावर बोलल्याबिगर भागतं का? रानडुकरं येतात, लाईट जाते, पाणी फुटतं. मग मी काय करायचं, डीपीकडं बघून बोलायचं, अन् त्यांनी लिंबाकडं बघून. मी डीपीला म्हणणार, "खालच्या अंगाला पाणी फुटलंय म्हणावं, बघून घ्या!" ते लिंबाला म्हणणार, "दिसलंय म्हणावं, आम्ही काय आंधळे न्हाव!" सगळा कारभार असा. आणि येळवस! तुमच्याकडं येळवस असती का? आमच्या लातूर भागात येळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाबी हाक मारून भज्जी-आंबील वाढायची, हा दस्तूरच हाय. मग बांधापलीकडच्याला हाक कशी टाळणार? दरसाली मी डीपीपुढं उभं राहून ओरडायचं, "जेवायला या म्हणावं!" आणि त्यांनी लिंबाला सांगायचं, "आमचंच लई उरलंय म्हणावं, तुम्हीच या!" मी न्हाई गेलो, ते न्हाई आले. अन् खाली वाकून बघितलं तर माझ्या ताटात त्यांच्या घरची भज्जी, न् त्यांच्या गाडग्यात आमची आंबील! आमच्या उमाबाईचं अन् त्यांच्या साखराबाईचं, जावाजावांचं, बोलणं एक दिवससुद्धा बंद न्हाई. बंद फक्त आमचं. भांडण न्हाई हो… फक्त बोलणं न्हाई.

गाडी हलली का? न्हाई न्हाई, ड्रायव्हर तंबाखू मळालाय. हां… तर पोरगी हुशार. आणि लातूरकडं पोरगी हुशार निघाली की तिचं काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त तिला विचारायचं राहून जातं. आम्हीबी ठेवली लातूरला, लावले क्लास, दोन सालं घासली तिनं, मार्कबी चांगले आले, आणि मग एका दिवशी बॅग घेऊन घरी आली अन् म्हणती, "अप्पा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. मला आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकायचीय." म्हणलं हे कोणत्या अवयवाचं असतं? दुकानात गिऱ्हाईक येऊन खाली मान घालून बसायलं, युरियाचं पोतं बाजूलाच राहिलं, "अप्पा… पोरगी हुशार होती न्हाई का हो?" होती! अरे होती काय? आत पुस्तक वाचत बसलीय की! पण लोकं अशी भेटायला यायलीत जसं काय घरात मयत झालीय.

गेली नांदेडला. होस्टेलला राहिली, बी.ए. केलं, मग एम.ए. करू लागली. मी विचारायचो, "बाळा, नेमकं शिकवतात काय?" तर म्हणायची, "अप्पा, देश एकमेकांशी का भांडतात, भांडण वाढतं कसं, थांबतं कसं." मी म्हणलं, हे शिकायला नांदेडला जावं लागतं? आपल्या दुकानाच्या पायरीवर बस, दुपारपर्यंत पदवी देतो तुला! हसायची नुसती. मग एक दिवस तिच्या नरसिंग सरांचा फोन. भला माणूस, पण आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. "मल्लिकार्जुनप्पा! नॉर्वेत एक संस्था हाय! विद्यार्थ्यांना संशोधनाला पैसा देती! विमान, राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं त्यांचं! आपल्या सृष्टीचं नाव शेवटच्या यादीत आलंय!" म्हणलं, "सगळं त्यांचं? आणि बदल्यात काय मागतात?" म्हणले, "भांडणाचा अभ्यास!" आता माझ्यासारख्या माणसाला हे पटणार कसं, सांगा? जगात माणसं भांडतात आणि वकिलाला पैसे देतात. इथं भांडण नुसतं बघायला पैसे देतात! उमाबाई म्हणली, "तिकडं ज्वारी मिळती का विचारा." मी म्हणलं, थांब, आधी हे भांडण कुणाचं बघणार ते तरी विचारू.

आणि तिथंच मेख होती! अट अशी, की पोरांनी आपल्या जवळचं एक लहानसं भांडण निवडायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असं, आणि दाखवायचं, की मोठाल्या देशांत जे होतं तेच इथंबी कसं होतं. आणि भांडण चालू पाहिजे. मिटलेलं नको, सडलेलं नको, ताजं पाहिजे, भाजीसारखं! मला वाटलं पोरगी कुठला तरी मोर्चा, कुठला तरी कारखाना घेईल. नांदेडला तिचं सगळ्यांपुढं सादरीकरण होतं, मी आपला धपाट्याचा डबा घेऊन गेलो, मागच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर ही मोठी तसवीर उमटली. मी बघतोय… बघतोय… म्हणलं ही डीपी कुठं तरी बघितल्यासारखी वाटती. आणि बाजूला लिंब! आणि लिंबाखाली धोतराचा सोगा धरून डीपीला बोट दाखवून ओरडून राहिलेला माणूस… अहो तो मी! खाली लिहिलंय, पक्ष अ!

आता कुठं तोंड लपवायचं सांगा! पोरगी गंभीर चेहऱ्यानं सांगालीय, "दोन्ही पक्षांत थेट संवाद न्हाई, पण संकटाच्या वेळी निरोप देण्यासाठी एक ठरलेली जागा हाय." म्हणजे डीपी! तिला ती म्हणती हॉटलाइन. मी डुकरासाठी झटक्याची तार लावली, त्यांनी लावली. मी एक कॅमेरा बसवला, त्यांनी दोन बसवले. मी तिसरा बसवला तर त्यांनी माझ्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीवर, तोंड करून फोकसच लावला, मला रातभर झोपताना डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो! ह्याला ती म्हणती शस्त्रस्पर्धा. आणि सगळी पोरं माना खाली घालून लिहून घ्यायलीत! तिची एक मैत्रीण, पुनम म्हणून, ती उठून विचारती, "मॅडम… म्हणजे सृष्टी, पक्ष अ जरा जास्तच हेकेखोर वाटत न्हाई का?" मग मात्र मी उठलो. म्हणलं, "ओ बाई, पक्ष अ इथं बसलाय!" सगळं हॉल वळून बघतंय. नरसिंग सर म्हणले, "बसा, अप्पा, बसा! तुम्ही आमचं साहित्य हाव!" साहित्य! पण खरं सांगू? राग आला, लई आला, पण मनात कुठं तरी बरंबी वाटलं. मला अ दिलं होतं तिनं. त्यांना ब.

तर शेवटची मुलाखत राहिली होती. तिकडच्या हेल्गा मॅडम, त्या फोनवर तोंड दाखवून बोलणार, आणि म्हणल्या दोन्ही पक्ष समोर बसवा, मला बघायचेत. आता आम्हाला एका जागी बसवायचं म्हणजे… आमच्या घरी ते येणार न्हाईत, त्यांच्या घरी मी जाणार न्हाई. मग सृष्टीनं चतुराबाई काकूचं अंगण ठरवलं. काकू आम्हा दोघांची भावकीतली लांबची चुलती, तिचं घर दोन्ही घरांच्या मधोमध, आणि दोघांनाबी लहानपणी तिच्या हातचा मार सारखाच. एका बाजेवर मी, एका बाजेवर ते, मधी स्टुलावर मोबाईल. काकू मोबाईलपुढं येऊन हात जोडती, "शरणार्थ, बाई! जेवलीस का?" सृष्टीनं सांगितलं काय म्हणली ते, मॅडम एकदम खूश, आणि मग मुलाखत सुरू.

आणि मुलाखत कशी? मी म्हणतोय, "मॅडम, त्यांना सांगा, बांध पहिल्यांदा कुणी कोरला!" ते म्हणतेत, "मॅडम, त्यांना विचारा, ट्रॅक्टरवाल्याला आधी कुणी बोलावलं!" नॉर्वेची बाई, तिला आम्ही लिंब करून ठेवलं! सृष्टी मधी बसून ह्याचं तिला, तिचं ह्यांना, घामाघूम झाली पोर. शेवटी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि लई सोज्वळ आवाजात काही तरी म्हणल्या. सृष्टी म्हणली, "अप्पा, काका, मॅडम विचारतात, की बांधाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार हात जमीन दोघांनीबी पडीक सोडली तर? म्हणजे कुणीच तिकडं जाणार न्हाई, भांडण होणार न्हाई."

पडीक?

चार-चार हात… काळी जमीन… पडीक? अहो, तिथलं सोयाबीन बघायचं तुम्ही, कमरेला लागतं! माझं डोकं असं गरम झालं, मी बाजेवरून उठलो, आणि समोरून आवाज आला, "मल्लू! ऐकलास का ही बाई काय म्हणाली?" मी म्हणलं, "ऐकलं की सिद्धू! जमीन सोडा म्हणती!" "आज्याची जमीन!" "तिच्या बापाची हाय का?" "पहिलं चार हात म्हणंल, मग आठ म्हणंल!" "आपलं आपण बघून घेऊ म्हण तिला!" "बघून घेऊच! ह्यात तिसरं माणूस कामून पाहिजे?" …आणि मग मी त्याच्याकडं बघतोय. तो माझ्याकडं बघतोय. चतुराबाई काकूनं पदर डोळ्याला लावला, आत गेली, गुळाचा खडा आणला, अन् माझ्या तोंडात अर्धा कोंबला, अर्धा त्याच्या. मोबाईलमधी हेल्गा मॅडम टाळ्या वाजवायलीत. मला काही सुधरंना. त्याच्या मिशा पिकल्या होत्या हो! रोज बघायचो, पण लिंबाच्या आडून, कधी नीट दिसलंच न्हाई.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दोरी धरली, बांध सरळ केला, लिंबाखाली बसून चहा पिलो, डीपीकडं कुणी बघितलं न्हाई. मला वाटलं, चला, पोरीच्या शिक्षणाचा घरालाबी फायदा झाला! संध्याकाळी घरी आलो तर पोरगी चुलीपुढं गप बसलेली. म्हणलं, "काय झालं?" म्हणली, "काही न्हाई, अप्पा. बरं झालं तुम्ही बोललात." आणि भाकरीकडं बघत राहिली. उमाबाईनं खूण करून बाजूला नेऊन सांगितलं, मग मला कळलं. पैसा चालू भांडणाला होता! मिटलेल्या भांडणाचा विभाग वेगळा, त्याच्या जागा कधीच भरल्या. आणि मॅडमनी तर टाळ्याच वाजवल्या होत्या, त्यांना वाटलं असंल पहिलं पाऊल पडलं, अजून वर्ष लागंल. पण हिनंच स्वतःहून कळवलं, की समझोता झाला, बांध सरळ झाला. मी म्हणलं, "कामून कळवलंस? गप बसायचं की!" तर माझ्याकडं असं बघितलं तिनं… म्हणली, "अप्पा, खोटं लिहून मला जायचं न्हाई." संपलं. मॅडमचंबी मन चांगलं, त्या म्हणल्या, मी जागा थोडे दिवस धरून ठेवते, काही बदल झाला तर सांग.

मला त्या रोजी अन्न गोड लागलं न्हाई. तिनं लातूर सोडलं तेव्हा सगळ्या गावाचं ऐकून घेतलं होतं मी, आणि माझ्याच तोंडानं तिचं गेलं, माझ्याच 'सिद्धू' म्हणण्यानं! सकाळीच गेलो त्याच्याकडं. त्याला सगळं सांगितलं. तो विचारात पडला, मिशीवर हात फिरवला, अन् म्हणला, "एकच इलाज हाय, मल्लू. भांडूया." म्हणलं, "खोटं भांडण चालणार न्हाई, पोरगी पकडती." म्हणला, "मग खरं भांडू! त्यात काय, इतकी सालं भांडलोच की!"

तुम्हाला सांगतो, खरं भांडण ठरवून करणं म्हणजे लई अवघड काम! बांधावर बसलो, मधी चहाची किटली, आणि दोघं विषय शोधालोय. मी म्हणलं, "बांधावरून?" तो म्हणला, "आत्ता तर सरळ केला, परत वाकडा करायला माझी कंबर दुखती." तो म्हणला, "तू माझ्या बापाला काही तरी बोल, मला राग यील." म्हणलं, "कामून बोलू? तुझ्या बापानं मला सायकल शिकवली." मग मी म्हणलं, "तू माझ्या दुकानातलं बियाणं बोगस हाय म्हण." म्हणला, "कसं म्हणू? उगवलंय की सगळं." असं करत करत किटली संपली. दोन माणसांकडं एक भांडण निघंना! हसाय लागलो शेवटी, डोळ्याला पाणी येईपर्यंत. आणि मग उठता-उठता तो सहज म्हणला, "जाऊ दे, काही तरी निघंल. पण सृष्टी जाईल तेव्हा हैदराबादला आपल्या नव्या गाडीत सोडू तिला."

मी म्हणलं, "आपल्या म्हणजे?"

म्हणला, "माझ्या."

म्हणलं, "तुझ्या कामून? मला जीप न्हाई?" म्हणला, "हाय की, पण तिला पोत्याचा वास येतो." वास? त्याच पोत्यावर पोरगी शिकली! म्हणलं, "पोरगी माझी हाय, सिद्धराम, तिला विमानापर्यंत मी सोडणार!" तो म्हणला, "तुझी एकट्याची हाय का? आपलं बंद होतं तेव्हा साळंला उशीर झाला की कुणाच्या फटफटीवर बसून जायची, विचार तिला! तुला आजपर्यंत माहीत न्हाई!" …मला खरंच माहीत नव्हतं. आणि तुम्हाला सांगतो, तिथं मला जो राग आला ना… बांधाचा आला नव्हता असा! माझी पोरगी, मला चोरून, ह्यांच्या फटफटीवर! मी म्हणलं, "तुम्ही आमच्या घरात नाक खुपसू नका!" ते म्हणले, "तुम्ही आम्हाला तुम्ही म्हणू नका!" कप फुटला. किटली त्यांनी उचलली, म्हणलं ती आमची हाय. दोघं दोन वाटांनी घरी.

आणि झालं की! सृष्टी आली, मला एकट्याला बसवून विचारलं, मग त्यांना एकट्याला बसवून विचारलं, परत मला विचारलं, सगळं ताडून बघितलं. खरं निघालं. मॅडम तर हरखून गेल्या, म्हणल्या जमीन मिटली आणि माया पेटली, हे आमच्याकडं कुणी अजून लिहिलंच न्हाई! नवा विषय! वर्षभर आता हे कसं कसं बदलतं ते पोरगी तिथून बघणार, दर महिन्याला दोघांना फोन करणार. मंजूर! नरसिंग सरांचा फोन आला, मी फोन अंगणात ठेवून घरातून ऐकला. अन् लिंबापलीकडं त्यांनी फटाके लावले, आणि मी इकडून पेढे धाडले, साखराबाईच्या हाती. भांडण न्हाई हो… म्हणजे आता हाय. बोलणंबी न्हाई.

आज सकाळी दारात माझी जीप, मागं त्यांची गाडी. मी हॉर्न दिला, त्यांनी दोनदा दिला. मी दार उघडून धरलं, ते तिकडं सीट पुसायलेत, वर शालबी अंथरली! सगळं गाव जमा. सृष्टी बॅगा घेऊन आली, आईच्या गळ्यात पडली, काकूच्या पाया पडली, आणि मग दारात उभी राहून ह्या गाडीकडं बघती, त्या गाडीकडं बघती… चेहरा असा केविलवाणा झाला पोरीचा. आणि सरळ चालायला लागली. स्टँडकडं! मी म्हणलं, "सृष्टी!" ते म्हणले, "सृष्टे!" तिनं वळून सांगितलं, "मी कुणाच्याच गाडीत बसणार न्हाई. दोघांचंबी मन मोडायचं न्हाई मला. मी एसटीनं जाते." उदगीरला उतरली, हैदराबाद गाडीत बसली. आणि तेव्हापासून हे असं… पुढं लाल गाडी, मागं मी, माझ्या मागं ते.

काय काय ठरवलं होतं मी ह्या रस्त्यासाठी! जीपमधी पुढं बसली असती माझ्या शेजारी. विचारणार होतो तिला, बाळा, फटफटीवर का जायचीस गं, मला का न्हाई सांगितलंस? विचारणार होतो, तुला भीती वाटती का? मला वाटती, हे सांगणार होतो. एकदाबी सांगितलं न्हाई आजपर्यंत. वर्षभर दिसणार न्हाई ती, आणि हे शेवटचे चार तास मी काय बघितलं? एसटीचा फुटका दिवा. वळणावर खिडकीतून कोपर दिसायचं तिचं, मी हॉर्न द्यायचो. ती हात हलवायची. मागून ते हॉर्न द्यायचे, ती परत हलवायची. कुणाला हलवला ते तिला न् मलाच माहीत.

थांबा थांबा… ते आत आले बघा. तुम्ही आपलं बोलत राहा माझ्याशी, हसल्यासारखं करा. काय करालेत? फ्रिजपुढं उभे राहिले? हॉटेलातल्या फ्रिजकडं बघून काय म्हणतेत… ऐका… "बिदरला तिच्या बाकड्यावरची दोन माणसं उतरलीत म्हणावं. दोन जागा रिकाम्या हायत."

दोन जागा!

एक मिनिट हां. मी ह्या बिस्किटाच्या बरणीला बोलतो. "गाड्यांचं काय करायचं म्हणावं?" …"इथंच लावू म्हणावं. उद्या येताना नेऊ." …"खिडकी तिलाच हाय का म्हणावं?" …"न्हाई म्हणावं, ती मधी सरकलीय. तिनंच खूण केली." काय हो हॉटेलवाले? तुम्ही कामून हसालात? म्हणतोय, "क्या साब, फ्रिज और बरनी से बातां कायकू कररे?" तुला काय सांगू बाबा, ही हॉटलाइन हाय, पोरगी नॉर्वेत शिकवणार हाय ही!

चाललो! कंडक्टरनं शिट्टी मारली! ह्या किल्ल्या ठेवा हॉटेलवाले, माझ्याबी अन् त्यांच्याबी, एकाच खिळ्याला अडकवा, चालंल. आता तीन माणसांचं बाकडं, मधी पोरगी, इकडून मी, तिकडून ते, हैदराबादपर्यंत तिच्याच तोंडाकडं बघून बोलू, जे काही बोलायचं ते. ते बघा, पळालेत म्हाताऱ्यासारखे… ओ, पायरी उंच हाय म्हणावं, सांभाळून!

आं? काय म्हणालात? …येताना?

होय की. जाताना मधी पोरगी हाय. येताना तेच बाकडं, इकडं मी, तिकडं ते… आणि मधी कुणीच न्हाई. वर्षभर बोलायचं न्हाई आम्हाला, भांडण चालू पाहिजे, पोरीचं शिक्षण हाय त्याच्यावर. आणि विमानात बसवून आल्यावर दोघांचंबी तोंड एवढंसं झालेलं… सगळी वाट… कुणाकडं बघून रडायचं?

ओ, तुमच्यापैकी उद्या कुणी रिकामं हाय का? हैदराबाद ते इथंपर्यंत. तिकीट मी काढतो. बोलायचं काही न्हाई… नुसतं मधी बसायचं.